राखीव बॅटची निवड : विस्कारिया आणि टिमो बोल एएलसी

टेबल टेनिसच्या नियमांनुसार वैयक्तिक सामना सुरू असताना खेळाडूला बॅट बदलता येत नाही. अपघाताने ती वापरता येणार नाही इतकी खराब झाली, तरच सोबत आणलेली किंवा खेळाच्या जागेत कोणी हाती दिलेली दुसरी बॅट घेऊन पुढे खेळावे लागते. असा प्रसंग क्वचित येतो, पण येतो तो बहुधा अडचणीच्याच वेळी : आखूड सर्व्हिस उचलताना बॅटची कड टेबलावर जोरात आपटते, रबर फाटते आणि खालचे लाकूड पिचते. त्यामुळे राज्य पातळीवर आणि त्यापुढे खेळणाऱ्या खेळाडूकडे राखीव बॅट असावीच लागते. ती मुख्य बॅटच्या किती जवळची असावी आणि हा जवळपणा कशावरून ठरवावा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

ज्या खेळाडूसाठी ही तुलना करावी लागली ती पुण्यातील सतरा वर्षांची मुलगी आहे. उजव्या हाताने, शेकहँड (हस्तांदोलनासारख्या) पकडीने आणि टेबलापासून फारसे मागे न सरता दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) मारणे हा तिचा खेळ असून आखूड सर्व्हिसवर बॅकहँड फ्लिकने (मनगटाच्या झटक्याने मारलेल्या फटक्याने) चढाई सुरू करण्यावर तिचा भर असतो. तिच्या मुख्य बॅटमध्ये बटरफ्लायचे विस्कारिया हे ब्लेड, म्हणजे रबरांखालचा लाकडी सांगाडा, असून त्याचे हँडल फ्लेअर प्रकारचे (बुडाकडे रुंद होणारे) आहे. फोरहँडला डिग्निक्स ०९सी आणि बॅकहँडला डिग्निक्स ०५ अशी त्याच कंपनीची रबरे असून दोन्हींच्या खालचा स्पंज २.१ मिलिमीटरचा आहे. राखीव म्हणून तिच्याजवळ शालेय स्पर्धांच्या काळातले पाच प्लायचे (थरांचे) साधे लाकडी ब्लेड होते आणि ते आता केवळ पिशवीत जागा अडवत होते. अशात सरावाच्या हॉलमधील एका ज्येष्ठ खेळाडूने आपले फारसे न वापरलेले टिमो बोल एएलसी हे बटरफ्लायचेच ब्लेड निम्म्या किमतीत देऊ केले. ते घ्यावे की न घ्यावे, याचे उत्तर तिच्या वडिलांना प्रशिक्षक या नात्याने माझ्याकडून हवे होते.

हॉलमध्ये या दोन ब्लेडविषयी दोन मते नांदत होती आणि दोन्ही सारख्याच ठामपणे मांडली जात. एका मतानुसार ही एकाच ब्लेडची दोन नावे आहेत, फरक फक्त हँडलचा. दुसऱ्या मतानुसार विस्कारिया टणक आणि वेगवान, तर टिमो बोल मऊ आणि फिरकीला अनुकूल. दोन्ही मते मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या दोन बॅट एकाच दिवशी, एकसारख्या रबरांनी कधी खेळून पाहिलेल्या नव्हत्या.

बांधणी

बटरफ्लाय ही जपानच्या तामासु कंपनीची निर्मिती. विस्कारिया १९९३ साली बाजारात आले. चीनच्या झांग जिकेने याच ब्लेडने २०११ आणि २०१३ सालची जागतिक विजेतेपदे आणि त्यांच्या मधले २०१२ चे लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकल्यावर त्याला मोठी मागणी आली. जर्मनीचा डावखुरा टिमो बोल जानेवारी २००३ मध्ये पहिल्यांदा जागतिक क्रमवारीत अव्वल ठरला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाला. त्याच्या नावाचे ब्लेड विस्कारियाच्या बऱ्याच नंतरचे आहे.

दोन्ही ब्लेडमध्ये लाकडाचे पाच आणि तंतूंचे दोन असे सात थर असतात. बाहेर कोटो हे कठीण लाकूड, त्याच्या लगेच खाली एएलसी, म्हणजे आरिलेट आणि कार्बन यांच्या धाग्यांचे एकत्र विणलेले कापड, मग लिंबा आणि मधोमध अत्यंत हलके किरी. कार्बन ब्लेडला ताठपणा देतो आणि आरिलेट कंपने शोषतो. नियमांनुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि तंतूंचा कोणताही एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. म्हणजे तंतू किती घालायचे याला मर्यादा आहे. ते मध्यापासून किती दूर बसवायचे, याला नाही. थर पृष्ठभागाच्या जितका जवळ तितका ब्लेडचा ताठपणा जास्त. या दोन्ही ब्लेडमध्ये तो पृष्ठभागालगत आहे, तर त्याच कंपनीच्या इनरफोर्स मालिकेत तो मधल्या लाकडाला लागून आत बसवलेला असतो. कंपनी दोन्ही ब्लेडची जाडी ५.८ मिलिमीटर आणि पानाचे (चेंडू मारण्याच्या सपाट भागाचे) माप १५७ बाय १५० मिलिमीटर असेच देते. वेग आणि कंपन यांचे तिने दिलेले आकडेही, अनुक्रमे ११.८ आणि १०.३, दोन्हींना सारखेच आहेत.

तेव्हा एकाच ब्लेडची दोन नावे म्हणणाऱ्यांची बाजू कागदावर भक्कम होती. मात्र कारखान्याने दिलेला आकडा हा नमुन्याचा असतो, हातातल्या वस्तूचा नसतो. लाकूड हे झाडापासून येते. एकाच जातीच्या दोन झाडांची, इतकेच काय एकाच खोडाच्या दोन भागांचीही घनता सारखी नसते, आणि किरीसारख्या हलक्या लाकडात हा फरक वजनावर चटकन दिसतो. म्हणून पहिले काम वजनकाट्याचे होते.

खेळाडूचे विस्कारिया ८९ ग्रॅम भरले आणि देऊ केलेले टिमो बोल ८५ ग्रॅम. डिजिटल कॅलिपरने पानाच्या कडेला निरनिराळ्या जागी जाडी मोजली, तेव्हा पहिले ५.८ मिलिमीटरला चिकटून राहिले, तर दुसरे बहुतेक जागी ५.७ च्या आसपास होते. एक दशांश मिलिमीटर ऐकायला नगण्य वाटतो. परंतु पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि त्या हिशेबाने ५.७ वरून ५.८ वर जाताना, बाकी सर्व सारखे धरले तर, ताठपणा सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. दोन्ही ब्लेड हँडलजवळ दोन बोटांत सैल धरून चेंडूने टिचकी मारली असता विस्कारियाचा स्वर किंचित वरचा होता, आणि मोबाइलमधील स्वरमापकानेही तेच दाखवले. हा स्वर ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाबरोबर चढतो. त्यामुळे जड ब्लेडचा स्वर खाली न जाता वर असेल, तर त्याचा ताठपणा वजनाच्या प्रमाणापेक्षा अधिक वाढलेला आहे, असे म्हणता येते. थोडक्यात, कागदावर न दिसणारा फरक खेळापूर्वीच समोर आला होता. तो मॉडेलचा की या दोन नगांचा, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

एक उपयोगी गोष्ट आणखी आढळली. विस्कारियाच्या मापाने कापलेली रबरे टिमो बोलवर कडेपर्यंत बरोबर बसली. राखीव बॅटच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण ऐन स्पर्धेत एका ब्लेडवरचे रबर काढून दुसऱ्यावर लावण्याची वेळ येऊ शकते.

चाचणीची रचना

ब्लेड शिकंज्यात धरून त्यावर चेंडू टाकून किती उसळतो ते पाहावे, अशी सूचना एका पालकांनी केली होती आणि आम्ही ती करूनही पाहिली. तिच्यातून हाती काही लागले नाही, आणि लागणारही नव्हते. ३० सेंटिमीटरवरून सोडलेला २.७ ग्रॅमचा चेंडू खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरहूनही कमी असतो. प्रत्यक्ष टॉपस्पिनमध्ये चेंडू आणि बॅट एकमेकांवर याच्या कितीतरी पट वेगाने आदळतात. हलक्या स्पर्शात फक्त रबराचा वरचा थर काम करतो, जोराच्या फटक्यात स्पंज दबून ब्लेडपर्यंत मार पोचतो. ब्लेडचा फरक शोधायचा तर तो तिथेच शोधावा लागतो.

रबरे हा या चाचणीतला सर्वांत मोठा धोका होता. जुने आणि नवे डिग्निक्स यांच्यातला फरक या दोन ब्लेडमधल्या कोणत्याही संभाव्य फरकापेक्षा मोठा असतो, आणि अशा तुलना बहुतेकदा इथेच फसतात : माणूस नव्या ब्लेडवर नवी रबरे लावतो, जुन्या बॅटशी तुलना करतो आणि रबरांचे श्रेय ब्लेडला देऊन मोकळा होतो. म्हणून दोन्ही ब्लेडसाठी त्याच प्रकारची, कापल्यानंतर जवळजवळ सारख्याच वजनाची नवी रबरे घेतली, पाण्यावर आधारित गोंदाचे तितकेच थर दिले आणि दोन्ही संच सारखेच मुरवून घेतले. मध्यावर ते एकमेकांत बदलायचे हे आधीच ठरवले होते. जाणवलेला फरक रबरांबरोबर गेला तर तो ब्लेडचा नाही, हे उघड आहे. रबरांसह विस्कारियाची बॅट १८९ ग्रॅम आणि टिमो बोलची १८५ ग्रॅम झाली.

खेळाडूला बॅट ओळखू न येणे कठीण होते, कारण हँडलवरचे रंग आणि घडण वेगवेगळी आहेत. दोन्ही हँडलवर एकाच जाडीची कापडी ग्रिप गुंडाळल्यावर रंग झाकला गेला आणि आकारातला फरकही बराच बुजला. पलीकडे खेळणाऱ्या सरावाच्या जोडीदाराला तर कोणती बॅट चालू आहे हे कधीच सांगितले जात नव्हते. त्याचे मत मला खेळाडूच्या मताइतकेच मोलाचे वाटते, कारण बॅट धरणाऱ्याला स्वतःचा हात जाणवतो आणि ब्लॉक करणाऱ्याला फक्त येणारा चेंडू कळतो. हॉल, टेबल, चेंडूंचा प्रकार आणि वेळ एकच ठेवली. पंखे नेहमीप्रमाणे बंदच होते; उन्हाळ्यात पुण्यातल्या बंद हॉलमध्ये हीच खरी सहनशक्तीची चाचणी असते.

खेळात काय दिसले

पहिल्या टप्प्यात, ग्रिप न गुंडाळता, खेळाडूचा अनुभव अगदी दुसऱ्या मताला दुजोरा देणारा होता. काउंटर (चढाईला चढाईनेच उत्तर) आणि ब्लॉकमध्ये (येणारा चेंडू बॅट आडवी धरून परतवताना) विस्कारियावरून चेंडू अधिक खोल पडत होता. टेबलाच्या शेवटच्या भागात लावलेल्या खडूच्या रेघांवरून हे बाहेरून पाहणाऱ्यालाही दिसत होते. टिमो बोलवर तिचे ब्लॉक रेघेच्या अलीकडे पडत आणि बॅकस्पिनवर (उलट फिरकीच्या चेंडूवर) मारलेला पहिला टॉपस्पिन जाळीवरून थोडा अधिक उंच जाई. 'सर, ही बॅट जरा गप्प आहे,' असे तिने टिमो बोलविषयी म्हटले. चेंडू अधिक वेळ बॅटवर थांबतो, असेही ती म्हणाली.

चेंडू बॅटवर थांबण्याची भाषा टेबल टेनिसमध्ये सर्रास वापरली जाते, आणि ती खोटी नसली तरी शब्दशः घेण्यासारखी नाही. चेंडू आणि बॅट यांचा संपर्क एक-दोन सहस्रांश सेकंदांचा असतो, तर हाताकडून निघालेली संवेदना मेंदूत पोचायला याच्या अनेक पट वेळ लागतो. खेळाडूला जो 'थांबलेला' चेंडू जाणवतो तो त्या क्षणी जाळीच्या दिशेने निघून गेलेला असतो. हातात उरलेली असतात ती ब्लेडची कंपने, आणि कानात उरलेला असतो आवाज. म्हणून खेळाडूच्या कानांत कापसाचे बोळे घालून तोच सराव पुन्हा करून घेतला. विस्कारियावरचे ब्लॉक तेव्हाही खोलच पडत होते, म्हणजे बाहेरून दिसणारा फरक कायम होता. पण कोणती बॅट मऊ आणि कोणती टणक हे सांगताना तिचा ठामपणा बराच ओसरला. टणकपणाचा मोठा भाग तिच्या कानावर पडणाऱ्या स्वरात होता.

यानंतर रबरांचे संच अदलाबदल केले. फोरहँडवरचा फरक किंचित कमी झाला, बॅकहँडवरचा तसाच राहिला. म्हणजे ०९सीच्या दोन तुकड्यांत थोडे डावे-उजवे होते, पण मुख्य फरक ब्लेडकडेच राहिला. इथे चाचणी थांबवली असती तर विस्कारिया वेगवान आणि टिमो बोल मऊ असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो प्रामाणिक परिश्रमांवर आधारलेला असूनही अपुराच ठरला असता.

पुढचा टप्पा वजनाचा. टिमो बोलवर चार ग्रॅमची शिशाची पट्टी आधी हँडलच्या बुडाशी चिकटवली. एकूण वजन विस्कारियाएवढे झाले, तरी खेळात काहीच बदल झाला नाही. उलट बॅटचा तोल हाताकडे सरकल्याने पान हलके वाटू लागले. तीच पट्टी पानाच्या टोकाकडच्या कडेवर लावल्यावर खेळाडूच्या टॉपस्पिनची वेळ सुधारली आणि ब्लॉक करताना बॅट कमी डगमगू लागली. हा परिणाम चेंडू अधिक वेगाने ढकलला जाण्याचा असण्याची शक्यता कमी आहे, कारण एवढ्या हलक्या चेंडूसमोर बॅटमध्ये चार ग्रॅम वाढल्याने परतीचा वेग फारसा बदलू शकत नाही. बदलतो तो बॅट फिरवण्याचा जडपणा. तिच्या हाताला गेल्या दोन हंगामांत ८९ ग्रॅमच्या ब्लेडची सवय झाली होती. हलके पान लवकर पुढे जाई आणि चेंडू तिला हवा त्याहून आधी, वरच्या बाजूला न लागता मागून लागे. चेंडू जाळीवरून उंच जाण्याचे एक कारण हेच होते.

तरीही ब्लॉकची खोली पूर्णपणे जुळली नाही, आणि आखूड चेंडूवरच्या पुशमध्ये (उलट फिरकी देत हळूच ढकलताना) तिला टिमो बोल अजूनही किंचित मवाळच वाटत होते. शिसे लावल्याने ब्लेड जड होते, ताठ होत नाही. जाड आणि घट्ट लाकडामुळे येणारा ताठपणा पट्टी चिकटवून आणता येत नाही. उरलेला फरक त्या एक दशांश मिलिमीटरचा आणि लाकडाच्या घनतेचा होता की टिमो बोल या मॉडेलचा, हे ठरवायला तिसरे ब्लेड हवे होते.

ते मुंबईच्या एका खेळाडूकडून थोड्या काळासाठी मिळाले : विस्कारियाच, फ्लेअर हँडलचेच, परंतु ८५ ग्रॅमचे आणि कडेला ५.७ मिलिमीटर भरणारे. याचा टिचकीचा स्वर टिमो बोलच्या स्वराच्या इतका जवळ होता की कानाला वेगळेपण कळत नव्हते.

या तिसऱ्या ब्लेडने प्रकरणाचा निकाल लावला. ग्रिप गुंडाळून, एकाच प्रकारच्या रबरांनी, क्रम सतत बदलत तिन्ही बॅट खेळवल्या असता खेळाडूने स्वतःची जड बॅट जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखली, अगदी थोड्याशा काउंटरनंतरही. पण हलके विस्कारिया आणि टिमो बोल यांच्यात तिची ओळख नाणेफेकीपेक्षा चांगली ठरली नाही. ज्या बॅटला ती 'टिमो बोल' म्हणत होती ती कित्येकदा हलके विस्कारिया निघाले. पलीकडच्या जोडीदाराचे उत्तर तर याहून सरळ होते : एका बॅटचा चेंडू टेबलावर पडल्यावर जोरात पुढे येतो, बाकीच्या दोन त्याच्या दृष्टीने एकच आहेत. खडूच्या रेघांनीही हीच विभागणी दाखवली. अर्थात, मऊपणाचा जो गुण टिमो बोल या नावाला चिकटवला जात होता तो या प्रकरणात हलक्या नगाचा गुण होता. एकाच नावाच्या दोन नगांत सापडलेले अंतर दोन नावांमधल्या अंतरापेक्षा मोठे होते.

हँडल

ग्रिप काढल्यावर मात्र टिमो बोल पुन्हा वेगळे झाले, आणि या वेळी ते वेगळेपण खरे होते. आमच्या हातातल्या नगांपुरते बोलायचे तर विस्कारियाचे हँडल चपटे होते आणि टिमो बोलचे तळहात अधिक भरणारे. ड्राइव्हमध्ये याचा काही संबंध येत नाही, कारण तिथे पकड स्थिर असते. फरक पडतो तो पकड बदलताना. सर्व्हिससाठी ही खेळाडू खालची तीन बोटे हँडलवरून सोडून बॅट अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरते आणि चेंडू मारताच पुन्हा मूठ मिटते. चपट्या हँडलवर ही मूठ आपोआप त्याच कोनात मिटते, कारण सपाट बाजू बोटांना दिशा दाखवते. गोलसर हँडलवर तो कोन दर वेळी किंचित चुकत होता. परिणामी सर्व्हिसनंतरच्या तिसऱ्या चेंडूवर तिचे पान कधी अधिक उघडे, कधी अधिक मिटलेले राही. बॅकहँड फ्लिकमध्येही मनगट आत वळवताना भरलेले हँडल तळहातात अडते, असे तिला वाटले, आणि पाहताना मलाही तिचे मनगट कमी वळत असल्याचे दिसले.

लांब बोटांच्या किंवा मोठ्या पंजाच्या खेळाडूला हेच हँडल अधिक सुखाचे वाटेल, किंबहुना ज्या ज्येष्ठ खेळाडूचे हे ब्लेड होते त्यांची विस्कारियाविषयीची तक्रार नेमकी उलट होती : ते हातात फिरते. तेव्हा हँडलविषयी सर्वसाधारण सल्ला देता येत नाही, तो त्या त्या हातालाच द्यावा लागतो.

निर्णय

देऊ केलेले टिमो बोल आम्ही घेतले नाही. ते वाईट होते म्हणून नव्हे; ते ८५ ग्रॅमचे होते म्हणून. त्याच कारणाने मुंबईहून आलेले हलके विस्कारियाही राखीव बॅट म्हणून चालले नसते, मग त्याच्यावर नाव कोणतेही असो. राखीव बॅट ही सामन्याच्या मध्यात, सवय करून घ्यायला दोन मिनिटेही न मिळता, हातात येते. अशा वेळी खेळाडूचा हात नाव वाचत नाही, पानाचा भार आणि चेंडूची लांबी ओळखतो.

म्हणून शोध वजनाकडून सुरू केला. क्रीडासाहित्याच्या दुकानदारांना वजन विचारले की काही जण नाराज होतात, पण एवढ्या किमतीची वस्तू विकत घेणाऱ्याने ते विचारावे, आणि ज्यांच्याकडे काटा असतो ते पेटी उघडून वजन करूनही देतात. उपलब्ध असलेली विस्कारिया हलकी निघाली. एक टिमो बोल मात्र ८८ ग्रॅमचे होते, कडेला ५.८ भरत होते आणि टिचकीचा स्वर खेळाडूच्या ब्लेडशी जुळत होता. ते घेतले. हँडलच्या दोन्ही रुंद बाजू बारीक पॉलिशपेपरने थोड्या थोड्या घासून, मधूनमधून सर्व्हिसची पकड करून पाहत, चपट्या केल्या. अशा ब्लेडला पुढे विकताना किंमत कमी येते हे वडिलांना आधीच सांगितले होते. राखीव बॅटने खेळलेल्या पहिल्या सरावात तिचे ब्लॉक मुख्य बॅटच्या रेघेवरच पडले आणि जोडीदाराला बॅट बदलल्याचे कळले नाही. आखूड पुशमध्ये तिला अजूनही अगदी किंचित फरक जाणवतो. तो एका ग्रॅमचा आहे, हँडलचा आहे की मनाचा, याचा पाठपुरावा करण्यात मला अर्थ दिसला नाही.

या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित आहे. डिग्निक्सचा स्पंज ब्लेडचा स्वभाव बराचसा झाकतो. विशेषतः ०९सी हे कठीण, चिकट पृष्ठभागाचे रबर आहे. पातळ स्पंजच्या किंवा स्पंज नसलेल्या रबराने, टेबलापासून दूर राहून चॉप (वरून खाली कापत उलट फिरकी देणारा बचावाचा फटका) करणाऱ्या खेळाडूच्या हातात ब्लेडचे लहान फरक अधिक उघडे पडतील. पेनहोल्ड (लेखणीसारख्या) पकडीत तर बोटे थेट पानावर टेकतात आणि कंपने वेगळ्या वाटेने पोचतात. शिवाय इथे फक्त तीन नग शेजारी ठेवून खेळले, आणि तीन नगांवरून कारखान्याच्या साऱ्या उत्पादनाविषयी बोलता येत नाही. ज्याला खरोखरच मऊ, वाकणारे ब्लेड हवे असेल त्याने या दोहोंत निवड करत बसण्यापेक्षा आतल्या थराचे इनरफोर्स एकदा खेळून पाहावे. तिथे तंतूंची जागाच बदललेली असल्याने फरक शोधावा लागत नाही.

पावसाळ्यात दोन्ही बॅट पुन्हा काट्यावर ठेवल्या. दमट हवेत लाकूड ओलावा धरते, आणि एक बॅट पिशवीत बंद राहिली व दुसरी रोज बाहेर निघाली तर दोघींचे वजन आणि रबरांचे वय वेगवेगळ्या गतीने बदलते. म्हणून खेळाडू आता आठवड्याआड मुख्य आणि राखीव बॅटची अदलाबदल करते, दोन्हींची रबरे एकाच दिवशी बदलते आणि स्पर्धेला निघण्यापूर्वी दोन्हींचे वजन वहीत लिहून ठेवते.